सामाईक संडास सुधारायचाय, कुणी केलंय का आधी? (नाशिक)

नासर्डीकाठ

नमस्कार मंडळी, विषय जरा वासाचा आहे, जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवून घ्या.

आमची वस्ती नासर्डी नदीच्या कडेला, नाव मुद्दाम लिहीत नाहीये, लिहिलं की लगेच कोणाला तरी वाटतं आमची बदनामी केली. घरं ११०. त्यातल्या २८ घरांनी कसाबसा घरात संडास बांधलाय, उरलेली ८२ घरं एकाच ब्लॉकवर. १२ सीट, ६ बायकांकडे ६ पुरुषांकडे. त्यात बायकांच्या दोन सीटला कुलूप आहे, ते कोणी लावलं आणि किल्ली कोणाकडे असं विचारलं की जो तो दुसऱ्याचं नाव सांगतो.

पहाटे ५ पासून नंबर. बायका डबा लाइनीत ठेवतात आणि घरी जाऊन चहाचं आधण टाकून येतात, तेवढ्यात कोणी डबा मागे सरकवला की जे भांडण पेटतं ते दिवसभर धुमसतं. एका दाराला कडीच नाही, कोयंड्याच्या भोकात जुन्या साडीच्या काठाची दोरी बांधलीय, ती आतून एका हाताने धरून बसायचं. माझी मुलगी नववीला आहे, तिचा दोरीवर भरवसा नाही, मी बाहेर दार धरून उभी राहते मग ती आत जाते. बल्ब लावला की दोन दिवसांत गायब. वरची टाकी पहाटे भरते, आठला ठणठणाट.

आधी ठेकेदाराचा एक माणूस यायचा, दिवाळीनंतर तो यायचाच बंद झाला. आता आमच्या बचत गटाला (आम्ही ११ जणी) विचारणा झालीय की तुम्हीच चालवायला घ्या. घ्यावा का? घरटी किती लावावेत? साफ कोण करणार? मी अंबडला कंपनीत पॅकिंगला आहे, फर्स्ट शिफ्ट, सहाला घर सोडते, त्यामुळे रोज उभं राहून बघणं मला जमणार नाही. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, नुसतं "जनजागृती करा" म्हणू नका, आमची जनता जागीच असते, पाच वाजल्यापासून.

टवाळ_पोपट

ताई २०२७ चा कुंभमेळा आलाच की, सगळी वस्ती साधू व्हा आणि तपोवनात मुक्काम टाका. रांगेने संडास, पाणी, लाइट सगळं मिळेल.

नासर्डीकाठ

हसले. पण माझ्या जावेने २०१५ च्या कुंभात दोन महिने सफाईचं काम केलंय, ती सांगते लाखाने माणसं येत होती तरी तिथल्या रांगेतले संडास आमच्या ब्लॉकपेक्षा चांगले होते, कारण माणूस सतत तिथेच उभा. तेवढंच माझ्या डोक्यात बसलंय.

जुना_नाशिककर

तुमच्या जावेने मुद्द्याचं सांगितलं. आमच्या वाड्यात लहानपणी टोपलीचे संडास होते, मागच्या बोळातून बाई यायची आणि डोक्यावरून मैला न्यायची, आणि आम्ही पोरं नाक धरून पळायचो. आज आठवलं की मान खाली जाते. त्यावर बंदीचा कायदा १९९३ ला आला, म्हणजे फार जुनी गोष्ट नाहीये ही. त्या टोपलीच्या काळापासून "संडास साफ करणं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम" हे जे डोक्यात बसलंय ते फरशी बदलून जात नाही. तुम्ही पैशाचं विचारलंत, सीटचं विचारलंत, पण साफ कोण करणार हा तुमचा खरा प्रश्न आहे आणि तो तुम्ही सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात छोटा लिहिलाय.

ओव्हरसियर_रिटायर्ड

तीस वर्षं पाणी आणि ड्रेनेज हेच केलं, त्यामुळे थोडं हिशोबाने लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

स्वच्छ भारत मिशनच्या शहरी नियमात सामूहिक शौचालयाला ३५ पुरुषांमागे १ सीट आणि २५ बायकांमागे १ सीट धरतात. तुमची ८२ घरं, घरटी ५ माणसं धरली तर ४१०, त्यात २०० बायका-मुली. चालू सीट ४, म्हणजे एका सीटवर ५०. बरोब्बर दुप्पट. कुलूप लावलेल्या दोन उघडल्या तरी ३३ येतात, पण निदान माणसात येता. म्हणून नवीन ब्लॉक, नवीन टाइल्स वगैरे मागायच्या आधी ती दोन कुलपं. कुलूप बहुतेक चोकअप झाला म्हणून लागलंय, आणि चोकअप काढायला पैसे नव्हते म्हणून ते तसंच राहिलं, हे मी न बघता सांगतो.

दुसरं पाणी. वरची टाकी किती लिटरची? दोन हजाराची असेल तर बघा, साधं भांडं बादलीने नीट धुवायला ८-१० लिटर ओतावं लागतं. म्हणजे २०० माणसात टाकी संपली. तुम्ही म्हणता आठला ठणठणाट, हिशोब जुळतोय! त्यानंतर येणारा टमरेलभर पाण्यात काय करणार, त्याला आपण घाणेरडा म्हणतो पण त्याच्या हातात पाणीच नाही. खेड्यात जे जास्त उताराचं भांडं बसवतात, २० मिलिमीटर पाणीसीलच्या ट्रॅपचं (ट्रॅप म्हणजे भांड्याखालचा वाकडा पाइप, त्यात वास अडवायला थोडं पाणी साठून राहतं), त्याला दीड-दोन लिटर पुरतं. माणसाचं धुण्याचं धरून ४ लिटर पकडा, तीच टाकी ५०० जणांना जाते. पण थांबा, लगेच भांडी बदलायला धावू नका. हे भांडं टाकी खालीच किंवा अगदी जवळ असेल तरच. लांबच्या ड्रेनेज लाइनला जोडलेलं असेल तर एवढ्या कमी पाण्यात मैला पाइपात बसतो आणि मग सगळा ब्लॉकच तुंबतो. तुमच्याकडे खाली सेप्टिक टँक आहे की लाइन, ते आधी कळवा.

भांडी प्रत्यक्ष बघायची असतील तर गंगापूर रोडने गोवर्धनला जा, तिथे निर्मल ग्राम निर्माण केंद्र आहे, संडासाचे नमुने बांधून दाखवलेले आहेत, खड्डा कसा, उतार कसा, सगळं डोळ्यांनी कळतं. नाशिकच्या लोकांना पलीकडची द्राक्षाची वाइन माहीत असते, हे माहीत नसतं.

स्पष्टवक्ता_७७

मला कळत नाही २०२७ तोंडावर आलं तरी आपण सामाईक संडास "सुधारायच्या" गप्पा का मारतोय. घरात संडास हा एकच उपाय. सामाईक म्हणजे सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही. सरकारने त्याला पैसे दिलेत, स्वच्छ भारतच्या पहिल्या टप्प्यात शहरी भागात केंद्राचे ४००० आणि राज्याचे ८००० मिळून १२ हजार मिळायचे. पुण्यात शेल्टर असोसिएट्स नावाची संस्था "एक घर एक शौचालय" करते, सामान ते घरपोच देतात, बांधायची मजुरी घरवाल्याने द्यायची. स्वतःचे पैसे घातले की माणूस स्वतः घासतो. संपला विषय.

नासर्डीकाठ

दादा विषय संपला असता तर मी लिहिलंच नसतं. आमचं घर १० बाय १२, त्यात पाच माणसं, वर पत्र्याखाली पोटमाळा. २८ घरांनी केलं ती सगळी पुढच्या गल्लीतली, तिथून ड्रेनेजची लाइन जाते. मागच्या तीन गल्ल्यांत लाइनच नाही, गल्ली एवढी बारीक की मयत न्यायची तर तिरडी तिरकी करावी लागते, खड्डा खणायला जागा कुठून आणू. आणि निम्मे भाडेकरू आहेत, मालक म्हणतो संडास बांधलास तर भाडं वाढवीन. ज्याला घरात जमतं त्याने घरातच बांधावा, माझं दुमत नाही, पण लाइन पडेपर्यंत आम्ही जायचं कुठे?

स्पष्टवक्ता_७७

बरं, लाइनचं मला माहीत नव्हतं. शब्द थोडे मागे घेतो, मत नाही.

मुठाकाठचा_शेजारी

पुण्याचा विषय निघालाच आहे तर. १९९९ ला रत्नाकर गायकवाड महापालिका आयुक्त असताना पुण्यात वस्त्यांमधून शेकड्याने नवे ब्लॉक बांधले गेले, त्यात स्पार्क, नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन आणि महिला मिलन ह्या वस्त्यांत काम करणाऱ्या संस्थांनी बरेच बांधले. फेडरेशनचे जोकिन अर्पुथम, ज्यांना पुढे मॅगसेसे मिळालं. ही मंडळी चक्क संडास मेळा भरवायची, नव्या ब्लॉकचं उद्घाटन जत्रेसारखं, लाज वाटायची ती गोष्ट चारचौघात आणायची. नकाशा वस्तीतल्या बायकांनी केला म्हणून काही गोष्टी वेगळ्या होत्या: बायकांचा आणि पुरुषांचा रस्ता वेगवेगळा, पोरांसाठी वेगळे छोटे संडास, पाणी साठवायला मोठी टाकी, आणि मुख्य म्हणजे राखणदाराच्या कुटुंबाला राहायला खोली. घरटी महिन्याचा पास.

मी अशा वस्तीच्या शेजारीच वाढलो त्यामुळे दोन्ही बाजू सांगतो. ज्या ब्लॉकवर कुटुंब राहत होतं तो दहा वर्षांनीपण चालू होता, कारण रात्री दोनला कोणी दार आपटलं तरी वरून मावशी ओरडायची. जिथे वरच्या खोलीत राखणदाराऐवजी कॅरम आणि मंडळाचे ढोल आले तिथे खाली सहा महिन्यांत वाट लागली. बांधकाम एकच, विटा त्याच. त्यामुळे तुमच्या ब्लॉकवर किंवा बाजूला एक खोली निघते का बघा, आणि निघाली तर तिच्यावर कोणाचा फोटो लागायच्या आत राखणदाराचं बिऱ्हाड आणा.

कुलूपकिल्ली

आमच्याकडे नाशिकरोडच्या चाळीत वेगळी पद्धत होती, ५ बिऱ्हाडांना एक संडास, त्याला कुलूप, पाच किल्ल्या. आठवडा वाटून घेतलेला, ज्याचा आठवडा त्याने घासायचा. खरं सांगतो, घरातल्या मोरीपेक्षा स्वच्छ असायचा तो. कारण घाण कोणी केली हे पाच घरात लगेच कळायचं, आणि समोरच्या काकू बोलायला लागल्या की माणूस परत तसं करायचा नाही.

तोटे पण सांगतो. किल्ली खिळ्याला, खिळा दारामागे, आणि पहाटे अंधारात किल्ली सापडत नाही तेव्हा माणसाचं काय होतं ते लिहायला नको. आमच्या आजोबांनी किल्लीला पितळेची घंटी बांधली होती म्हणजे कोण कधी गेलं सगळ्या चाळीला कळायचं 😀 पाहुणे आले की पंचाईत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कोपऱ्यातल्या खोलीत नवीन भाडेकरू आला त्याला दोन वर्षं सहावी किल्ली दिली नाही कोणी, तो स्टेशनवर जायचा. कारण काय दिलं माहितीये, "किल्ली बनवणारा भेटत नाही". कारण काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं.

शिक्षिका_सातपूर

खूप वेळ वाचतेय आणि सगळे भाऊ लोक लिटर आणि विटांवर बोलताय, बोला, ते पण हवं. पण मी वस्तीतल्या शाळेत शिकवते, माझ्या वर्गातल्या मुली चार वाजल्यानंतर पाणीच पीत नाहीत, का तर रात्री जावं लागेल. लघवीच्या जागी जळजळ होते म्हणून दर महिन्याला कोणीतरी रडत येते. पाळीच्या दिवसांत दोन दिवस दांडी ठरलेली.

ताई तुम्ही ब्लॉक घेतलात तर बायकांच्या बाजूला पहिल्या आठवड्यात चार गोष्टी करा, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. प्रत्येक दाराला आतून कडी, आणि ती लोखंडी, अॅल्युमिनियमची नको, वाकते. आत डोक्याच्या उंचीला खुंटी, कारण ओढणी, सलवार, पॅडचं पाकीट ठेवायचं कुठे, ओल्या फरशीवर? झाकणाचा डबा आत, बाहेर नाही, बाहेर ठेवला तर कोणी पुरुषांसमोरून पॅड घेऊन जात नाही, भांड्यातच टाकतात. आणि लाइट. खुंटीचा खर्च दहा-वीस रुपये, पण मी आजवर एकाही सामाईक संडासात खुंटी बघितली नाही, कारण नकाशा काढणाऱ्याला तिथे कधी ओढणी सांभाळत बसावं लागलं नाही.

आणि पैसे लावताना एक लक्षात ठेवा. मुंबईत २०११ पासून राइट टू पी मोहिमेवाल्या बायका हेच मांडतायत की पुरुषाला लघवी फुकट आणि बाईला पैसे, कारण तिला दार लागतं. तुमच्याकडे तसं करू नका.

चोकअप_स्पेशालिस्ट

सिडकोत प्लंबर आहे, पंधरा वर्षं झाली. मॅडम डब्याचं १०० टक्के बरोबर बोलल्या. मी ट्रॅपमधून काढलेल्या वस्तू सांगू का, पॅड, डायपर, गुटख्याच्या पुड्या, शाम्पूची पाकिटं, बाटलीचं बूच, दारूची क्वार्टर, एकदा स्टीलचा पेला, एकदा नोकिया, तो सुकवल्यावर चालू झाला भो.

ओव्हरसियर काका म्हणतात ते पण बरोबर, बंद सीटचं कारण चोकअपच असणार. पण माझा मुद्दा वेगळा. टाकी भरली की वस्तीतलेच लोक पैसे वाचवायला कोणाला तरी क्वार्टर पाजून आत उतरवतात. हे चुकूनपण करू नका. आत हायड्रोजन सल्फाइड असतो, थोडा असला की अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाक मरतं, वासच येत नाही, माणसाला वाटतं गॅस गेला, आणि तो जातो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तो पण जातो. २०१३ चा कायदा आहे, सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे, आणि ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने मेलेल्या माणसामागे ३० लाख भरपाई सांगितलीय. टाकी उपसायची गाडी बोलवा, १४४२० हा नंबर त्यासाठीच आहे.

अजून एक, टाकीवरचा स्लॅब बघा. मुंबईत मानखुर्दला २०१७ ला संडासची जमीन खचून माणसं खाली टाकीत पडली, तिघं गेले. हातोडीने ठोकून बघायचं, भद्द आवाज आला किंवा सळई दिसायला लागली तर त्या दिवशी बंद.

ओव्हरसियर_रिटायर्ड

प्लंबरसाहेबांना दुजोरा. त्यात भर: दर आठवड्याला बाटलीभर अॅसिड ओतायची सवय मोडा, टाकीतले जिवाणू मरतात आणि मैला कुजायचा थांबतो, मग टाकी लवकर भरते. घासायला खराटा आणि साबणाचं पाणी पुष्कळ. व्हेंट पाइपला, म्हणजे टाकीतला गॅस वर सोडणाऱ्या उभ्या पाइपाला, वर जाळी आहे का बघा, नसेल तर डास तिथूनच. आणि टाकीतून बाहेर पडणारं पाणी शोषखड्ड्यात जातंय की थेट नासर्डीत, ते ताई तुम्हीच बघून घ्या, मी उत्तर ओळखून आहे.

सिन्नरकर

उपसलेला मैला जातो कुठे हे कोणी विचारलं नाही म्हणून लिहितो. आमच्या सिन्नरला टाक्या तुंबायची वाट बघत नाहीत, वेळापत्रकाने गल्ली गल्ली घेऊन दर ३ वर्षांनी उपसायची पद्धत लावलीय, साताऱ्याच्या वाईत पण तसंच. आधी माणूस टाकी उलटी व्हायला लागली की फोन करायचा. आणि तुमच्या नाशिकला विल्होळीला २०१७ पासून प्रकल्प आहे, जर्मनीच्या जीआयझेड ह्या सरकारी संस्थेच्या मदतीने केलेला, दिवसाला ३० टनांचा, त्यात सामूहिक शौचालयांच्या टाक्यांतला मैला आणि हॉटेलांचं ओलं खरकटं एकत्र कुजवून गॅस आणि गॅसवर वीज करायची अशी रचना. म्हणजे तुमच्या मिसळीचा कट आणि तुमचा... जाऊ द्या, सुरुवातीलाच जेवणाचा इशारा दिलाय ताईंनी.

देहूच्या डॉ. मापुसकरांनी तर हे गॅसवाले संडास कित्येक वर्षांपूर्वी गावात चालवून दाखवले, पद्मश्री मिळाली २०१७ ला, ते गेल्यानंतर.

टवाळ_पोपट

आता मिसळ खाताना मला हे आठवणार. धन्यवाद भाऊ.

नासर्डीकाठ (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार, उशीर झाला लिहायला. आम्ही घेतला. तीन महिन्यांच्या बोलीवर, लेखी.

जसं झालं तसं सांगते. गटाच्या बैठकीत पहिला प्रश्न साफ कोण करणार, आणि सगळ्या जणींची नजर आपोआप एकाच घराकडे गेली. कोणी काही बोललं नाही, नुसती नजर. त्या घरातली सून आमच्याच गटात बसलेली. ती उठली आणि म्हणाली, माझ्या सासूने आयुष्यभर केलं, मी बारावी शिकलेय, माझ्याकडे का बघता. मला जुना_नाशिककर काकांचं वाक्य आठवलं, खरंच मान खाली गेली, कारण मी पण बघितलं होतं तिकडेच. मग ठरलं की काम उघड सांगायचं, पगार आधी ठरवायचा, मग कोण येतं बघायचं. महिना ५०००, सकाळी एकदा ९ च्या गर्दीनंतर आणि संध्याकाळी एकदा, गमबूट हातमोजे आमचे. दोघी आल्या, एक मराठवाड्यातून आलेली, नवरा सेंट्रिंगला जातो, तिला ठेवलं. आणि त्या बारावीवाल्या सुनेला गटाने हिशोबाला बसवलं, वही तिच्याकडे.

पैसे घरटी १००. ८२ घरांचे ८२०० व्हायला पाहिजेत, आले ६१ घरांचे, ६१००. पगार ५०००, खराटे, साबण, दोन डबे, कड्या, बल्ब ह्यात ९४० गेले, शिल्लक १६०. ज्यांनी दिले नाहीत त्यातली ५ घरं एकट्या म्हाताऱ्यांची, त्यांना माफ, ह्यावरून बैठकीत तासभर वाद, पण माफ. बाकीचे १६ म्हणतात आधी काम दाखवा. बरोबर आहे त्यांचं, आधी तीनदा पैसे गोळा होऊन गेलेत. त्यामुळे वहीचं पान दर रविवारी भिंतीवर चिकटवतो, कोणी दिले कोणी नाही हे नाही लिहीत, फक्त आले किती गेले किती. एकाने त्यावर पेनाने "१६० चं काय केलं" लिहिलं होतं, खाली वहीवाल्या सुनेने उत्तर लिहिलं, "डब्यात आहेत, येऊन मोजा". तो आला मोजायला! आणि मोजून झाल्यावर त्याचे १०० देऊन गेला.

शिक्षिका मॅडम, खुंट्या लावल्या. चार दारांना चार, आणि काहीच सांगितलं नव्हतं तरी पुरुषांच्या बाजूने दुसऱ्या दिवशी निरोप आला, आम्हाला पण लावा, शर्ट कुठे टांगायचा. बल्ब चोरी होतो म्हणून होल्डरला तारेची जाळी वेल्डिंग करून घेतली, माझ्या भावाने केली, फुकट. आज सतरावा दिवस, बल्ब आहे. पोरं मात्र अजून गटारीवरच बसतात, त्यांना ते मोठं भोक आणि अंधार दोन्हीची भीती, एकदा एक पोरगा पाय घसरून धडपडला तेव्हापासून तर जास्तच. त्यांच्यासाठी काहीतरी करायचं आहे.

काका, खाली टाकी आहे, लाइन नाही. आणि पाणी कुठे जातंय ते तुम्ही ओळखलंत तेच.

मीटरचा एक घोळ निघाला, ब्लॉकचं लाइट बिल दुकानाच्या दराने येतंय, आणि मागची थकबाकी आमच्या नावावर टाकायचं चाललंय, त्यासाठी एका ऑफिसात तीन चकरा झाल्या, मी अर्धा दिवस पगार बुडवून. तिथला माणूस म्हणाला, संडासाला कशाला लाइट लागते, जाऊन यायचं. मी म्हटलं साहेब तुमच्या घरी अंधारात जाता का. गप्प बसला, पण काम झालं नाही.

ओव्हरसियर_रिटायर्ड

तीन महिन्यांच्या लेखी करारात मागची थकबाकी तुमची नाही हे वाक्य आहे का? नसेल तर आधी घालून घ्या, बाकी सगळं नंतर. अर्ज मी लिहून देतो, पोच घेतल्याशिवाय कागद सोडू नका. पोरांसाठी वेगळं बांधकाम नको, कोपऱ्यातली बाहेरची मोकळी जागा असेल तर अर्ध्या भिंतीचा आडोसा, छोटी भांडी, समोर धरायला पाइपाचा दांडा, छप्पर नको, उजेड हवा. पोरं एकमेकांसमोर गप्पा मारत बसतात, त्यांना दार लागत नाही.

कुलूपकिल्ली

१६० मोजायला आला हे वाचून दिवस चांगला गेला. मराठवाड्याच्या ताईंना पास लावलाय का, की त्या फक्त साफ करतात?

नासर्डीकाठ

त्यांचं घर त्या ६१ मध्ये आहे. स्वतःहून १०० दिले त्यांनी, आम्ही नको म्हणत होतो. म्हणाल्या, मग मला पण भांडता येईल.

चोकअप_स्पेशालिस्ट

ताई दोन बंद सीटचं काय झालं? ते कोणीच लिहिलं नाही.

नासर्डीकाठ

अजून बंदच. किल्ली सापडत नाही. आता ज्याच्याकडे असेल तो पण द्यायला लाजत असेल.

चोकअप_स्पेशालिस्ट

रविवारी सकाळी येतो, चोकअप काढायची स्प्रिंग घेऊन. मजुरी नको, चहा ठेवा, ब्लॉकपासून लांब ठेवा. दहाच्या आत गर्दी सरलेली पाहिजे.

नासर्डीकाठ

या भाऊ. पण कुलपाचं?

चोकअप_स्पेशालिस्ट

हातोडी आहे ना भो.